भांडारपालाचं पत्र

खळकाकांना मी नऊ वर्षांत एकदाच कागद वाचताना पाहिलं.

ऐकायला विचित्र वाटेल, कारण त्यांचं सगळं आयुष्य कागदांतच गेलं होतं. सरकारी दप्तरखान्याच्या तळमजल्यावर, दुरुस्तीच्या खोलीत, ते वाळवीने खाल्लेले, ओल धरलेले, घड्यांवर तुटलेले कागद सांधायचे. गव्हाच्या सत्त्वाची खळ शिजवायची, गाळून गार करायची, ब्रशने पातळ टिश्यूवर ओढायची आणि तो टिश्यू कागदाच्या पाठीवर असा बसवायचा की बोट फिरवलं तरी कळू नये. दिवसभर हाताला खळ, म्हणून खळकाका. खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं होतं. पण कागदावरचा मजकूर वाचायचा नाही, हा त्यांचा नियम. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "न्हाव्याने गिऱ्हाइकाच्या डोक्यात काय चाललंय ते बघायला गेलं, तर कान कापला जाईल की."

वाचायचं काम माझं. काकांच्या टेबलासमोर माझं टेबल. त्यांनी सांधलेला कागद दाबाखाली वाळून आला की मी तो वाचायचा, कोणी कोणाला लिहिलाय, विषय काय, हे कार्डावर उतरवायचं आणि कागदाच्या मागच्या कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घालायचा. क्रमांक पडला की कागद सरकारचा. तोवर तो देणाऱ्याचा. त्याच्या मनात आलं तर उचलून परत नेऊ शकतो. हा नियम पुढे लागणार आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

त्या वर्षी आमच्याकडे नऊ पेट्या आल्या. पन्नाशीच्या दशकात राज्याचं आरोग्यखातं सांभाळलेल्या एका मंत्र्यांचा पत्रव्यवहार. मंत्री जाऊन वीस वर्षं झाली होती. त्यांनी काढलेल्या शाळा-कॉलेजांचा कारभार आता त्यांची नात बघायची, आणि आजोबांच्या जन्मशताब्दीनिमित्त तिनेच या पेट्या दिल्या होत्या. आमच्या संचालक मॅडम खूश होत्या. वरच्या दालनात प्रदर्शन भरवायचं ठरलं होतं. "निदान या निमित्ताने तरी वरचं छत गळायचं थांबवतील," असं त्या म्हणाल्या.

पहिल्या सहा पेट्या नेहमीच्याच. बदल्या, शिफारशी, पक्षातली भांडणं, कोणाच्या भाच्याला कुठे चिकटवायचं. सातव्या पेटीत लाल फितीने बांधलेलं एक जाड पुडकं होतं. ओल लागून त्याची वीट झाली होती. काकांनी ते तीन दिवस सोडवलं. चौथ्या दिवशी दुपारी मी चहाला हाक मारली तर उत्तर नाही. मान वर करून पाहिलं, तर काका स्टुलावर बसलेले, दोन्ही हात मांडीवर, चष्मा कपाळावर, आणि डोळे टेबलावरच्या कागदावर. ओठ हलत होते.

"काका?"

"हे अक्षर," ते म्हणाले, "माझ्या बाबांचं आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. जवळ गेले. निळ्या शाईतलं, ठसठशीत, एकेक अक्षर सुटं काढलेलं पत्र होतं. खाली सही, आणि सहीखाली हुद्दा: भांडारपाल, राज्य मनोरुग्णालय.

"तुमचे वडील मनोरुग्णालयात होते?"

"नोकरीला होते. नंतर नव्हते." मग म्हणाले, "तू ते पुडकं वाच. सगळं. पहिल्यापासून. मला माझ्यावर भरवसा नाही, मी मधलं मधलं वाचलंय."

मी वाचलं. एक्केचाळीस पत्रं होती. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाचत होते. त्यातून निघालं ते असं.

मनोरुग्णालयाच्या अधीक्षकांनी सप्टेंबरात मंत्र्यांना लिहिलं होतं की पुरुषांच्या लांब वॉर्डाच्या तावदानांतली निम्मी फुटलेली आहेत, जुन्या ब्लँकेटांची लक्तरं झाली आहेत, थंडीच्या आत नवीन मिळावीत. ब्लँकेटं मिळालीसुद्धा. ऑक्टोबरच्या शेवटी तीनशे नवी ब्लँकेटं गाठोड्यांत बांधून भांडारात येऊन पडली. त्यानंतर मंत्र्यांच्या स्वीय सचिवाच्या पत्राची प्रत: "सदर ब्लँकेटांचे वाटप मंत्रिमहोदयांच्या हस्ते समारंभपूर्वक व्हावयाचे आहे. तोपर्यंत गाठोडी फोडण्यात येऊ नयेत." निवडणूक तोंडावर होती. समारंभाची तारीख ठरली, पुढे गेली. पुन्हा ठरली, पुन्हा पुढे गेली. मंत्री दौऱ्यावर होते. अधीक्षकांनी तीनदा आठवण केली, दरवेळी आधीपेक्षा नम्र भाषेत. डिसेंबरात कडाक्याची थंडी पडली. ती पाच दिवस टिकली. पाच दिवसांत लांब वॉर्डातले अकरा रुग्ण गेले. ब्लँकेटं भांडारात होती. वॉर्डापासून भांडारापर्यंत, एका पत्रात लिहिल्याप्रमाणे, एकशेदहा पावलं.

मग पत्रांचा सूर बदलला. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या होत्या, विधानसभेत प्रश्न येणार होता. इतके दिवस ब्लँकेटांसाठी हात जोडणारे अधीक्षक आता लिहीत होते: "भांडार उघडण्याचा तोंडी आदेश मी भांडारपालास दिला होता, असे मला सांगता येईल. भांडारपाल मनुष्य भिडस्त आहे. तो उलट बोलेल असे वाटत नाही." मंत्र्यांच्या उत्तराचा खर्डा अवघ्या चार ओळींचा, स्वतःच्या हाताने लिहिलेला: "त्याच्याशी बोलून घ्यावे. त्याची काही कौटुंबिक अडचण असल्यास कळवावी. चौकशी लवकर उरकावी."

आणि त्यानंतर काकांच्या बाबांचं पत्र. ते मी इतक्या वेळा वाचलं की मला जवळजवळ पाठ आहे.

"साहेब, आपण सांगाल ते मी चौकशीत सांगेन. ब्लँकेटे मी विकण्यासाठी अडवून ठेवली होती असे लिहून हवे असल्यास तेही देतो. माझी मुलगी नऊ वर्षांची असून तिला खोकल्यातून रक्त पडते. सॅनेटोरियमच्या यादीत तिचा नंबर दोनशेच्या पुढे आहे. डॉक्टर म्हणतात उन्हाळा काढणार नाही. तिला खाट मिळावी. आणखी काही मागणे नाही. एक गोष्ट मात्र लिहिल्यावाचून राहवत नाही. त्या पाच दिवसांत किल्ली माझ्याच खिशात होती. उघड असे मला कोणी म्हणाले नाही, हे खरे. पण चौथ्या दिवशी मी भांडारासमोर उभा होतो तेव्हा उघडू नको म्हणायलाही तिथे कोणी नव्हते. नोकरी जाईल म्हणून मी परत फिरलो. तेव्हा आपण माझ्यावर जो ठपका ठेवाल तो अगदीच खोटा आहे असे मी म्हणणार नाही."

त्याच्या मागे टाचणीने लावलेली एक चिठ्ठी होती: मुलीस दाखल करून घेण्यात आले आहे, खाट क्रमांक सव्वीस.

मी पुडकं खाली ठेवलं. काका खिडकीपाशी उभे होते. खळ भांड्यात तशीच घट्ट होऊन गेली होती.

"मी चार वर्षांचा होतो," ते म्हणाले. "मला फक्त ओरडा आठवतो. शाळेत पोरं 'ब्लँकेटचोर' म्हणून मागे लागायची. आम्ही घर बदललं, पलीकडच्या टोकाला गेलो, तिथेही महिन्याभरात कळलं. बाबा नंतर लाकडाच्या वखारीत कामाला होते. घरी यायचे, जेवायचे, भिंतीकडे तोंड करून पडायचे. आईला ठाऊक होतं की नाही, देव जाणे. ती कधी बोलली नाही."

"आणि तुमची बहीण?"

"ताई दोन वर्षांनी खडखडीत बरी होऊन आली. आली तर बाप चोर. ती मोठी, तिला कळत होतं. तेरा-चौदाची असेल, एक दिवस तोंडावर म्हणाली, 'माणसं मारलीत तुम्ही.' बाबा म्हणाले, 'हो.' झालं. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. लग्न झालं तेव्हा सासरी सांगितलं, वडील शाळेत कारकून होते, लहानपणीच गेले. बाबा शेवटच्या आजारात होते तेव्हा मी तीनदा निरोप दिला. आली नाही."

मी म्हटलं, "ताईंना सांगायला हवं."

"काय सांगू?" काका म्हणाले. "तुझ्यासाठी केलं म्हणून? ती त्रेसष्ट वर्षांची आहे. रक्तदाब आहे, गुडघे गेलेत, दोन नातवंडं आहेत. तिच्या डोक्यावर हे नेऊन आपटू?"

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं मॅडमकडे गेलो. मॅडम सज्जन बाई. कोणाचं वाईट चिंतलेलं मी पाहिलं नाही. त्यांनी पुडकं वाचलं, चष्मा काढला, डोळे चोळले. मग म्हणाल्या, "मंत्र्यांच्या प्रदर्शनाला तीन आठवडे उरलेत आणि हे. नातीला न विचारता मी यावर काही करू शकत नाही. ती येऊन बघेपर्यंत क्रमांक घालू नका."

"पण मॅडम," मी म्हटलं, "एकदा क्रमांक पडला की—"

"मला नियम ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "म्हणूनच सांगतेय, घालू नका."

मी खाली आले. पेन्सिल टेबलावर होती, पुडकं टेबलावर होतं, एक्केचाळीस कोपऱ्यांत एक्केचाळीस आकडे घालायला मला अर्धा तास पुरला असता. खोलीत काकांशिवाय कोणी नव्हतं. मी पेन्सिल हातात घेतलीसुद्धा. मग मला माझी नोकरी आठवली, वर्षभरापूर्वी कायम झालेली. वरून सांगितलंय, उगाच कशाला. मी पेन्सिल डब्यात टाकली. काकांनी पाहिलं.

त्याच आठवड्यात ते ताईंना घेऊन आले.

मॅडमनी एक तास दिला होता, तोही "दुरुस्ती विभागाला भेट" अशा नावाखाली. ताई उंच, हाडापेराने मजबूत, पांढरे केस घट्ट मागे बांधलेल्या. वर मॅडमना भेटून जिना उतरताना भावाचा हात धरला नाही, कठडा धरला. काकांनी त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं. नुसतं "बाबांचं एक पत्र सापडलंय" एवढंच. त्या आल्या त्याच मुळी चिडून.

"बाळ्या, मरायच्या आधी माफीबिफी मागून ठेवली असेल, तर मला वाचायची नाही."

"माफी नाही गं मागितली," काका म्हणाले. "तू वाच."

मी त्यांना खुर्ची दिली आणि पत्रं तारखेप्रमाणे समोर ठेवली. त्यांनी सावकाश वाचलं. मधे एकदा पाणी मागितलं. अधीक्षकांच्या त्या पत्रापाशी, 'मनुष्य भिडस्त आहे', थोडा वेळ थांबल्या. "भिडस्त होतेच," एवढंच म्हणाल्या. मग बाबांचं पत्र. ते वाचून झाल्यावर त्यांनी ते उलटं केलं, पाठीमागे काही आहे का बघितलं, पुन्हा सुलटं केलं. खाट क्रमांक सव्वीसची चिठ्ठी वाचली.

"खिडकीजवळची होती," ताई म्हणाल्या. "सव्वीस. बाहेर झाडं दिसायची. नर्स म्हणायची, नशीबवान आहेस पोरी, इथे यायला लोक वर्ष वर्ष थांबतात."

त्यांनी बाबांचं पत्र पुन्हा पुढे ओढलं.

"दोनशेच्या पुढे," त्या म्हणाल्या. "म्हणजे माझ्या पुढे दोनशे होते, बाळ्या. दोनशे लोकांना मागे ढकलून मी आत गेले. त्यातले किती उन्हाळ्यात गेले असतील? अकरा इकडचे आणि ते किती, कोणी मोजलेत का?"

"ताई, तू नऊ वर्षांची होतीस."

"म्हणून काय झालं? जगले तर मीच ना?"

काकांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही, पण त्यावर आपला हातही ठेवला नाही. मग अचानक माझ्याकडे वळल्या. "त्या अकरांची नावं आहेत का यात?"

होती. अधीक्षकांच्या अहवालाला जोडलेली एक यादी होती. सातजणांची नावं, वयं, कुठले ते. चौघांच्या समोर नुसतं 'नाव अज्ञात' आणि वॉर्डातला आकडा. ताईंनी पर्समधून पेन काढलं. मी म्हटलं, इथे शाई चालत नाही, आणि माझी पेन्सिल दिली. त्यांनी यादी उतरवून घेतली. मग बाबांचं पत्रही उतरवून घेतलं, स्वल्पविरामासकट, शाळेतल्या मुलीसारखं, जीभ दातात धरून. तास संपून वीस मिनिटं वर झाली होती. मॅडम एकदा दारात येऊन, बघून परत गेल्या.

निघताना ताई म्हणाल्या, "मी त्यांना माफ केलं असं समजू नकोस हां. किल्ली खिशात होती."

"नाही समजत," काका म्हणाले.

"पण तीनदा बोलावलं तर जायला हवं होतं."

काकांनी दार उघडून धरलं.

मंत्र्यांची नात सोमवारी आली. पन्नाशीची, नीटनेटकी, आवाज खाली ठेवून बोलणारी. तिला राक्षसीण म्हणायची माझी फार इच्छा आहे, पण ती तशी नव्हती. मॅडमच्या खोलीत बसून तिने सगळं पुडकं वाचलं. मला मदतीला थांबवलं होतं. आजोबांच्या चार ओळी तिने दोनदा वाचल्या आणि तिच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"हे अक्षर मी ओळखते," ती म्हणाली. "मला बाराखडी त्यांनी शिकवली."

मॅडम म्हणाल्या, "आम्ही हे काही वर्षं बंद ठेवू शकतो. तीस वर्षं, हवं तर. कोणी उघडणार नाही. पण राहील."

"माझी आई ब्याऐंशीची आहे," नात म्हणाली. "प्रदर्शनाला तिला खुर्चीवर आणणार आहोत. कुठल्यातरी पत्रकाराला याचा वास लागला तर तिला काय सांगू? आणि संस्थेच्या सहा शाळा आहेत. सगळ्यांवर आजोबांचं नाव आहे." मग म्हणाली, "मी जाळणार नाही. घरी ठेवीन. पण मला हे परत हवंय."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "क्रमांक?"

"नाही घातले," मी म्हटलं.

त्या उत्तराची मला अजून लाज वाटते. खरंच होतं ते. लाज वाटते ती त्याचीच.

कागद परत द्यायचे तर आवक-जावक वहीत परतीची नोंद करावी लागते. एरवी आम्ही लिहितो: 'पुडके एक, पत्रे एक्केचाळीस, देणगीदारास परत.' मी वही घेऊन बसले आणि एकेक पत्र लिहायला लागले. तारीख, कोणाकडून कोणाला, विषय. "अधीक्षकांकडून मंत्र्यांस, तीनशे ब्लँकेटे वाटपाविना पडून असल्याबद्दल." "स्वीय सचिवांकडून अधीक्षकांस, समारंभापर्यंत गाठोडी न फोडण्याबाबत." "अकरा रुग्णांच्या मृत्यूची यादी." "भांडारपालाकडून मंत्र्यांस, मुलीला खाट मिळाल्यास दोष स्वीकारण्याबाबत." चार पानं भरली. हात दुखला. नात समोर बसून वाट बघत होती, घड्याळाकडे बघत नव्हती हे तिचं मोठेपण.

सहीसाठी वही तिच्यापुढे सरकवली. तिने वाचलं.

"एवढं लिहायची गरज आहे?"

मॅडमनी वही आपल्याकडे ओढली, चारही पानं वाचली. मला वाटलं, आता पानं फाडायला सांगतील.

"पद्धत आहे आमची," मॅडम म्हणाल्या. "जे गेलं ते काय होतं, हे लिहावं लागतं." आणि त्यांनी आधी स्वतः सही केली.

नातीने केली. पुडकं एका कापडी पिशवीत घालून दिलं. काकांनी शेवटची काही पत्रं अजून सांधली नव्हती, ती तशीच तुटक्या घड्यांसकट गेली. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "ओलीच्या जागी ठेवू नका म्हणून सांगितलंस ना?" मी सांगितलं नव्हतं. मग दुपारी फोन करून सांगितलं.

प्रदर्शन ठरल्या दिवशी उघडलं. छत गळत नव्हतं. मंत्र्यांचा चष्मा, लेखणी, परदेशातून आलेली पत्रं, शाळांच्या पायाभरणीचे फोटो. आणि मधल्या फलकावर एक मोठा फोटो, तो आम्ही लावला नव्हता, संस्थेने परस्पर आणून लावला होता: मंत्री एका टकलू, बारीक माणसाच्या खांद्यावर ब्लँकेट घालताहेत. माणूस कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. खाली ओळ होती, 'मनोरुग्णांना मायेची ऊब'. तारीख मार्चमधली.

ताई दुसऱ्या दिवशी आल्या. काका बरोबर होते, पण ते दाराशीच थांबले. ताई फोटोसमोर उभ्या राहिल्या. कॉलेजच्या मुलींचा एक घोळका आला तेव्हा त्या म्हणाल्या, अगदी घरात बोलावं तशा आवाजात, "पोरींनो, ही ब्लँकेटं ऑक्टोबरात आली होती. हे ती मार्चमध्ये वाटताहेत. मधल्या थंडीत अकराजण मेले." पर्समधून कागद काढला आणि सात नावं वाचली. चौघांच्या जागी "एकाचं नाव नाही" असं चारदा म्हणाल्या. मुली एकमेकींकडे बघत पुढे सरकल्या. एकीने मोबाइल काढला आणि पुन्हा ठेवून दिला. एक गृहस्थ म्हणाले, "आजी, तुम्हाला हे कोणी सांगितलं?"

"ब्लँकेटं माझ्या बापाच्या ताब्यात होती," ताई म्हणाल्या. "तो भांडारपाल होता. त्याने कुलूप उघडलं नाही. त्याला उघडू दिलं नाही हेही खरं आणि त्याने उघडलं नाही हेही खरं."

पन्नास वर्षं ज्या बाईने बापाचं नाव काढलं नव्हतं, ती हे रोज येऊन सांगायला लागली. दहाला यायच्या, एकला जायच्या. बहुतेक लोक ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. काहींना वाटलं, प्रदर्शनवाल्यांनीच कोणी नटी ठेवली आहे. एक म्हातारे गृहस्थ मात्र संपूर्ण ऐकून घेऊन शेजारच्या बाकावर बराच वेळ बसून राहिले, आणि कोणाशी न बोलता गेले. ते कोण होते, आम्हाला कळलं नाही.

चौथ्या दिवशी संस्थेचे व्यवस्थापक मॅडमकडे आले. मॅडमना दालनात यावं लागलं.

"ताई," त्या म्हणाल्या, "मला तुम्हाला बाहेर जायला सांगावं लागतंय. मला माफ करा."

"तुमचं काय चुकलं?" ताई म्हणाल्या. "तुम्हाला वरून सांगितलंय." हे त्या टोमणा म्हणून बोलल्या नाहीत. मॅडमचा चेहरा मात्र थोबाडीत बसल्यासारखा झाला. माझाही झाला असणार.

त्या संध्याकाळी ताईंचा मुलगा काकांच्या घरी येऊन भांडून गेला. आईला या वयात काय काय ऐकवलंत, म्हणे. आजोबा शाळेत कारकून होते असं आम्ही आमच्या पोरांना सांगितलंय, आता काय सांगायचं? काकांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, आणि सगळं पहिल्यापासून सांगितलं. तो शेवटपर्यंत बसला. निघताना म्हणाला, "मामा, म्हणजे आजोबांनी तसं केलं नसतं तर आम्ही नसतोच."

"नसता," काका म्हणाले.

"मग मी आता काय समजायचं त्यांना?"

"ते मला साठीला आलो तरी ठरवता येत नाहीये. तुला घाई काय आहे?"

पुढच्या महिन्यात काका निवृत्त झाले. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. जागा रद्द झाली. दुरुस्तीच्या खोलीत आता जुनी कपाटं ठेवलीत, आणि मोडके कागद आम्ही तसेच पुठ्ठ्यात बांधून ठेवतो.

पुडकं नातीच्या घरी आहे असं म्हणतात. आहे की नाही, कोण जाऊन बघणार? गेल्या थंडीत ताई गेल्या. काकांनी फोनवर सांगितलं. म्हणाले, शेवटच्या वर्षी त्या मनोरुग्णालयात दोनदा जाऊन आल्या होत्या. आता त्याचं नाव बदललंय, लांब वॉर्ड पाडून तिथे दवाखान्याची नवी इमारत झालीय. अकरांना कुठे नेलं याची नोंद तिथल्या कारकुनाला सापडली नाही. त्याने चांगले दोन तास शोधाशोध केली म्हणे, तिसऱ्यांदा या असंही म्हणाला होता. ताईंना जायचं होतं. गुडघे ऐकत नव्हते.